मित्र, मित्रक आणि पुण्याचा कॅप्टन जेकब

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. एक तर लग्नसराई होती, त्यात आमचा भंडाऱ्याचा मे महिना. दुपारभर कूलरसमोर पडून राहण्याखेरीज माणूस दुसरं काही करू शकत नाही. पण त्याच लग्नसराईतल्या एका रात्रीपासून हे सगळं सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं लग्न होतं, पवनीच्या बाजूच्या एका खेड्यात. विद्यार्थी म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, धानाची शेती करतो. लग्न लागलं, जेवणं आटोपली, भटजींनी उत्तरेकडे बोट दाखवून नवरानवरीला अरुंधती दाखवली. ती त्यांना दिसली की नाही देव जाणे, दोघांनी माना मात्र डोलावल्या. मग रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास हा माझा विद्यार्थी लेकीला आणि जावयाला मांडवामागे, बांधीच्या धुऱ्यावर घेऊन गेला. मलाही हाताला धरून नेलं. दक्षिणेकडे क्षितिजालगत दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसत होते. म्हणाला, "हे खरं जोडपं. एकमेकांच्या भोवताल फिरतेत. आमच्या गुरुजीनं दाखवलं होतं, शहाऐंशी साली."

सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले. मी "हो हो" म्हणालो आणि पाण्याचा ग्लास मागितला.

कारण ते चूक होतं. आणि ती चूक माझी होती.

एप्रिल १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला होता, आठवत असेल तुम्हाला. वर्तमानपत्रांनी इतकं लिहिलं होतं की लोकांना वाटलं, आभाळभर शेपटी पसरणार. ९ एप्रिलला अमावस्या होती. तिच्यानंतरच्या एका रात्री मी सातवीच्या पोरांना तलावाच्या पाळीवर नेलं होतं. रात्रीचा एक वाजला होता. धूमकेतू दिसला, पण कसा, तर कुणी पिंजलेल्या कापसाचं बोंड आभाळाला चिकटवावं तसा. पोरांची निराशा झाली. "शेपूट कोठी आहे जी?" असं तीन-चार जणांनी विचारलं. त्यातच या पोराने धूमकेतूच्या खाली, अगदी झाडांच्या शेंड्यांवर टेकलेले दोन तारे दाखवून विचारलं, "गुरुजी, ते दोन लागूनलागून काहून आहेत?"

मी इतिहासाचा माणूस. बी.ए. मराठी माध्यमातून केलेलं, आकाशाचं ज्ञान पंचांगापुरतं. 'जोडतारा' हा शब्द कुठेतरी वाचला होता. शिक्षकाला रात्री एक वाजता, वीस पोरांसमोर, 'मला माहीत नाही' म्हणवत नाही. मी ठोकून दिलं: ते जोडतारे, एकमेकांभोवती फिरतात.

त्या दोन ताऱ्यांना आपल्याकडे मित्र आणि मित्रक म्हणतात. नरतुरंग नावाच्या तारकासमूहातले हे दोन ठळक तारे, इंग्रजीत अल्फा आणि बीटा सेंटॉरी. मे महिन्यात अकराच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. त्रिशंकूच्या चार ताऱ्यांच्या डावीकडे हे दोघे दिसतात. त्यातला डावा, जास्त तेजस्वी, तो मित्र. भंडाऱ्याहून तो कितीही चढला तरी क्षितिजापासून आठच अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर त्या मुठीच्या उंचीपेक्षाही थोडा कमी. त्यामुळे धुळीतून, वाफेतून तो तांबूस दिसतो, नाही तर आकाशातला तिसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा आहे तो. व्याध, अगस्त्य आणि मग हा.

आता गंमत ऐका. मित्र आपल्यापासून सुमारे ४.३७ प्रकाशवर्षं दूर आहे आणि मित्रक जवळजवळ ३९०. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रात्री रस्त्याने येणाऱ्या सायकलचा दिवा आणि त्याच दिशेला कोसभर दूर असलेल्या मोबाइल टॉवरचा दिवा शेजारी दिसावेत, तसं ते आहे. उलट डोळ्यांना एकटा दिसणारा मित्र हाच मुळी दोन ताऱ्यांचा बनला आहे. एक आपल्या सूर्यापेक्षा किंचित मोठा, दुसरा किंचित लहान. दोघांना एकमेकांभोवती एक फेरी पुरी करायला जवळजवळ ८० वर्षं लागतात. शिवाय एक तिसरा अगदी मंद तारा त्यांच्या सोबतीला आहे, प्रॉक्सिमा, १९१५ मध्ये जोहान्सबर्गच्या वेधशाळेत रॉबर्ट इन्सने शोधलेला. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा तोच. म्हणजे मी शिकवलेलं वाक्य जोडीबद्दल होतं, जोडीही तिथे होती, फक्त मी बोट भलत्यावर ठेवलं होतं.

लग्नाहून परत आल्यावर हा विषय डोक्यातून जाईना. हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळलं होतं, पण ते पोर गेली चाळीस वर्षं माझं वाक्य लोकांना सांगत असेल हे कुठे ठाऊक होतं? मग या ताऱ्याचं दुहेरीपण पहिल्यांदा कुणी ओळखलं ते शोधायला बसलो आणि अडकलोच.

पहिल्यांदा ते दिसलं ते आपल्याच देशात, पाँडिचेरीला, डिसेंबर १६८९ मध्ये. पाहणारा होता जाँ रिशो नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री. फ्रान्सच्या राजाने सयामला पाठवलेल्या गणिती पाद्र्यांपैकी हा एक. १६८८ मध्ये सयामात राज्यक्रांती झाली, फ्रेंचांना तिथून निघावं लागलं आणि रिशो पाँडिचेरीला आला. आणि तो त्या रात्री बाहेर कशासाठी पडला होता? धूमकेतू पाहायला! बारा फुटी दुर्बीण घेऊन धूमकेतूचा माग काढताना त्याने नरतुरंगाच्या पायातला तारा पाहिला, तर तो एक नव्हता, दोन होते. आम्हीही धूमकेतूच पाहायला गेलो होतो. फरक इतकाच की त्याच्याजवळ दुर्बीण होती आणि माझ्याजवळ आत्मविश्वास.

इतिहासाच्या मास्तरला १६८९ हा आकडा दिसला की दुसरंच काही आठवतं. त्याच वर्षी मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. राजाराम महाराज रायगडाहून निसटले, पन्हाळ्याहून वेषांतर करून दक्षिणेत गेले आणि नोव्हेंबर १६८९ च्या सुमारास जिंजीला पोचले. जिंजी ते पाँडिचेरी अंतर सत्तर किलोमीटरसुद्धा नाही. तो सगळा मुलूख तेव्हा जिंजीच्या मराठ्यांच्या छायेत होता, फ्रेंचांनाही त्यांच्याशी जमवूनच राहावं लागे. म्हणजे मराठी राज्याचा जीव जिंजीच्या किल्ल्यात कसाबसा टिकून असताना, तिथून दोन दिवसांच्या वाटेवर एक परागंदा पाद्री रात्री जागून मित्राचे दोन तुकडे पाहत होता. मी राजाराम महाराजांचा जिंजीचा प्रवास तीस वर्षं शिकवला. रिशोचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

पण दोन तारे जवळ दिसले म्हणजे ते खरोखर जोडीने राहतात असं नव्हे. माझंच उदाहरण समोर आहे. आपल्या अरुंधतीजवळचा वसिष्ठ दुर्बिणीतून दोन ताऱ्यांचा दिसतो हे इटलीतल्या कास्तेल्लीने १६१७ मध्येच पाहिलं होतं, तरी पुढची दीडशे वर्षं बहुतेकांना वाटायचं की हा सगळा नजरेचा योगायोग, एक जवळ, एक लांब. १७६७ मध्ये जॉन मिचेल या इंग्रज पाद्र्याने हिशेब मांडला की इतक्या जोड्या नुसत्या योगायोगाने पडणं शक्य नाही. मग विल्यम हर्शेलने वर्षानुवर्षं मापं घेऊन १८०३ मध्ये दाखवलं की काही जोड्या खरोखर एकमेकांभोवती फिरताहेत. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालतं याचा तो पुरावा होता. तेव्हापासून जोडतारे मोजणं हे मोठ्या जबाबदारीचं काम झालं. उत्तर आकाश युरोपातून मोजलं जात होतं. दक्षिणेचं आकाश तिकडून दिसतच नाही. विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ आफ्रिकेच्या टोकाला केप इथे राहून ते मोजून गेला. थॉमस हेंडरसनने त्याआधी, १८३२-३३ मध्ये, तिथूनच मित्राचं अंतर काढण्याइतकी निरीक्षणं केली होती. पण जोडताऱ्याचं काम एकदा मापून संपत नाही. पुन्हा पुन्हा, दर वर्षी, कुणीतरी मापावं लागतं.

इथे आपला कॅप्टन येतो.

विल्यम स्टीफन जेकब. जन्म १८१३, इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या वुलाव्हिंग्टन गावचा, पाद्र्याचा मुलगा. अठराव्या वर्षी, १८३१ मध्ये, कंपनी सरकारचा इंजिनिअर म्हणून मुंबईला उतरला. काही वर्षं मोठ्या त्रिकोणमिती सर्वेक्षणात काढली. (या सर्वेक्षणाचा मूळ पुरुष विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथे आहे. जमीन मोजणारा विदर्भात निजला आहे म्हणायचं.) जमीन मोजणाऱ्याला ताऱ्यांचे वेध घ्यावेच लागतात, आणि जेकबचा जीव बहुतेक जमिनीपेक्षा ताऱ्यांतच जास्त रमला. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा थाटली. पेशवाई जाऊन तेव्हा चोवीसच वर्षं झाली होती.

त्या वेधशाळेत डॉलंडची पाच फुटी दुर्बीण होती. आजच्या मानाने लहानच. दुर्बिणीच्या नेत्रभिंगाशी अतिबारीक धाग्यांचं मापयंत्र बसवायचं, एक धागा एका ताऱ्यावर आणून ठेवायचा, दुसरा दुसऱ्यावर, आणि दोन आकडे लिहायचे: दोघांमधलं अंतर आणि दोघांना जोडणाऱ्या रेषेचा कोन. हे अंतर विकलांमध्ये असतं. एक विकला म्हणजे पाच किलोमीटरवर ठेवलेला रुपया आपल्याला जेवढा दिसेल तेवढी. त्यातून क्षितिजालगतची हवा उकळत्या पाण्यासारखी हलत असते, त्यात तारा म्हणजे पातेल्याच्या तळाशी नाचणारा तुरीचा दाणा. पुण्यातून मित्र जास्तीत जास्त साडेदहा अंश वर येतो. पावसाळ्याचे चार महिने तर आकाशच नाही. अशा अडचणीत त्याने २४४ जोडताऱ्यांची मापं घेतली आणि १८४८ मध्ये ती यादी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे धाडली. वृश्चिकातला न्यू नावाचा तारा दुहेरी नसून तिहेरी आहे हे १८४७ मध्ये त्यानेच दाखवलं.

मित्राच्या कक्षेचं गणितही त्याने १८४८ मध्ये मांडलं. जुन्या नोंदी जमेस धरून फेरीचा काळ काढला ७७ वर्षं. आज आपल्याला माहीत असलेला काळ ७९.९ वर्षं आहे. कक्षेचा आकार मात्र त्याला जमला नाही, तो वास्तवापेक्षा फारच चपटा आला. पण काळ पाहा! एका लहान दुर्बिणीवर त्याने तीन वर्षांच्या आत नेम मारला. योगायोग असा की मला यंदा ७७ पुरी झाली. जेकबच्या हिशेबाने मित्राच्या जोडीची एक फेरी माझ्यासोबत संपली असती. खऱ्या हिशेबाने अजून तीन वर्षं बाकी आहेत. बघू.

१८४८ च्या डिसेंबरात त्याला मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख नेमलं आणि पुढची दहाएक वर्षं त्याने तिथे काढली. शनीचं काळपट आतलं कडं पारदर्शक आहे, त्यातून शनीची कड दिसते, हे त्याने १८५२ मध्ये पाहिलं. तिथे चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे एक देशी सहायक होते, त्यांनी पुढे १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधून नाव कमावलं. पण जेकबचं नाव जगात आज घेतलं जातं ते मद्रासला त्याने केलेल्या एका चुकीसाठी.

भुजंगधारी समूहात ७० क्रमांकाचा एक जोडतारा आहे. त्याची मापं ठरलेल्या कक्षेत बसेनात. जेकबने १८५५ मध्ये लिहिलं की या जोडीबरोबर डोळ्यांना न दिसणारा एखादा ग्रह असावा, त्याच्या ओढीने हा फरक पडतो, आणि तसं असण्याचा संभव बराच आहे. दुसऱ्या सूर्याला ग्रह असल्याचा मापांच्या आधारावर केलेला हा पहिला दावा. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या सी नावाच्या ज्योतिर्विदाने तोच दावा पुन्हा मोठ्या आवाजात केला. १८९९ मध्ये मोल्टनने गणित करून दाखवलं की असा ग्रह तिथे टिकूच शकत नाही. विषय मिटला. मापंच तेवढी अचूक नव्हती.

हे वाचून मी जेकबच्या बाजूने वकिली करायला लागलो, हे कबूल करतो. पण त्याची चूक आणि माझी चूक एका मापात घालता येणार नाही. त्याने रात्री घालवल्या होत्या, आकडे छापले होते, 'संभव आहे' एवढंच म्हटलं होतं, आणि दुसऱ्याला त्याच आकड्यांवरून त्याला खोडता आलं. मी पोरांना काय दिलं होतं? नुसतं बोट. शिवाय ही चूक मोठमोठ्यांना चुकलेली नाही. आपल्या मित्राच्या जोडीतल्या धाकट्या ताऱ्याला ग्रह सापडल्याचं २०१२ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, आणि २०१५ मध्ये कळलं की तो आकड्यांतला भास होता. प्रॉक्सिमाचा ग्रह, २०१६ मध्ये जाहीर झालेला, तो मात्र टिकला. ऑगस्ट २०२५ मध्ये वेब अवकाश दुर्बिणीतून थोरल्या ताऱ्याजवळ ग्रहासारखं काही दिसल्याचं जाहीर झालं, तेव्हाही 'संभव आहे' एवढंच म्हटलं गेलं.

जेकबचा शेवट वाचून मात्र वाईट वाटलं. तो १८५९ मध्ये मद्रास सोडून इंग्लंडला परतला. १८६० मध्ये स्पेनला जाऊन खग्रास ग्रहण पाहून आला. पण डोक्यात पुणं होतं. उंच डोंगरावर हवा विरळ आणि स्थिर असते, तिथे दुर्बीण नेली तर तारे नाचत नाहीत, हे पियाझी स्मिथने १८५६ मध्ये टेनेरिफच्या डोंगरावर दाखवलं होतं. जेकबने ठरवलं, पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारायची. ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी हजार पौंड मंजूर केले. त्याने नऊ इंची दुर्बीण विकत घेतली आणि ८ ऑगस्ट १८६२ ला मुंबईला उतरला. भर पावसाळा. बोरघाटातून रेल्वे सुरू व्हायला अजून वेळ होता, म्हणजे घाट रस्त्यानेच चढावा लागला असणार. पुण्याला पोचला आणि १६ ऑगस्टला वारला. वय पुरतं एकोणपन्नासही नाही. आठ दिवस! तेही ऑगस्टातले, म्हणजे ढगांखालचे.

याचा सख्खा भाऊ म्हणजे जनरल जॉन जेकब. सिंधमध्ये जेकबाबाद शहर त्याच्या नावाने आहे, तिथल्या उन्हाळ्याची बातमी दर वर्षी पेपरात येते. भंडाऱ्याच्या माणसाला तेवढंच बरं वाटतं की आपल्यापेक्षाही तापणारं गाव आहे.

पुण्यात पुढे १८८८ मध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात वीस इंची दुर्बिणीची वेधशाळा उभारली. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले तशी ती बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याजवळच्या डोंगरावरची वेधशाळा प्रत्यक्षात आली ती २००६ मध्ये, आयुकाची, गिरवलीला. जेकबचा ठराव आणि ती यांच्यामध्ये १४४ वर्षं गेली.

असो. हे सगळं मी वहीत उतरवून काढलं आणि गेल्या आठवड्यात बसने पवनीकडे गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण चूक केली समोरासमोर, तर दुरुस्तीही समोरासमोर केलेली बरी. तो रोपासाठी शेत तयार करत होता. धुऱ्यावर बसवून मी सगळं सांगितलं. मित्र, मित्रक, रिशो, जेकब, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "गुरुजी, म्हणजे जोडपं खोटं?"

म्हटलं, "जोडपं खोटं नाही. डावीकडचा तारा आहे ना, तो एकटाच जोडपं आहे. उजवीकडच्याचा संबंध नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसायला लागला. "तीस-चाळीस वर्सं मी उजव्यालेबी मान देऊन राहिलो," म्हणाला. आणि मग काळजीने, "पण पोरीले काय सांगू? जावई तं मोठा हिसाबी माणूस आहे. कंपनीत आहे, चाकणले."

म्हटलं, जे खरं ते सांग. गुरुजी चुकले होते म्हणून सांग. त्याने तिथेच, चिखलाच्या हाताने, फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. जावयाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, पुण्याहून तो तारा दिसतो का?

दिसतो, मी सांगितलं. आमच्यापेक्षा अडीच अंश जास्त वर दिसतो. पाऊस यायच्या आत, रात्री नऊ-साडेनऊला, दक्षिणेकडे डोंगर आडवा येणार नाही अशा जागी उभे राहा. त्रिशंकूच्या डावीकडे दोन आहेत, त्यातला डावा.